माळ्यातले बैल

आमच्या हसनाबादेत यंदाच्या पावसाळ्यात मुलांचे एक वाचनमंडळ निघाले होते आणि त्यातली पुस्तके इटालियन भाषेतली होती, असे मी प्राध्यापकांच्या खोलीत सांगितले, तेव्हा इतिहासाच्या आमच्या स्नेह्यांनी चहाचा कप खाली ठेवून विचारले, "हे कुठलं हसनाबाद? बंगालातलं का?"

बंगालात एक हसनाबाद आहे खरे. पण माझे हसनाबाद जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातले. ज्या तालुक्यात राजूरचा गणपती आहे तोच तालुका. माझा जन्म झाला तेव्हा ते औरंगाबाद जिल्ह्यात होते. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला आणि मी पाळण्यातल्या पाळण्यात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. माझ्या आयुष्यातले मोठे स्थलांतर म्हणावे ते एवढेच. पुढे शिकलो, एम्. ए. झालो, छत्रपती संभाजीनगरला एका महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो. पण शनिवार आला की एस. टी. धरून आईकडे हसनाबादला. परदेशी गेली ती माझी धाकटी बहीण.

ती इटलीत तोरिनो शहरी असते. इंग्रजी नकाशात त्यालाच ट्युरिन म्हणतात. नवरा मोटारींच्या धंद्यात इंजिनियर आहे आणि मुलगी नऊ वर्षांची. भाचीचा जन्म तिकडचा, शाळा तिकडची. मराठी तिला समजते. बोलत मात्र नाही. दर रविवारी फोनच्या पडद्यावर आजी आणि नात समोरासमोर येतात. आजी इकडून बोलते आणि नात तिकडून हसते. आईचे म्हणणे असे, की नात म्हणजे देव्हाऱ्यातला देव झाली आहे; सांगू ते सगळे ऐकते, उत्तर काही देत नाही.

आता घरात मराठीचा प्राध्यापक असताना भाचीने मराठी बोलू नये, ही माझ्या लेखी नाचक्की होती. मी अंकलिपी धाडली, उजळणी धाडली, शुद्धलेखनाचे एक जाडजूड पुस्तकही धाडले. दोन वर्षांमागे ती मंडळी आली होती, तेव्हा रोज सकाळी अर्धा तास मी तिला घेऊन बसत असे. जवळ लाल पेन्सिल. आठव्या दिवशी ती म्हणाली, "मी पाणी पिला." मी म्हटले, "पिला नव्हे, प्यायले. मुलगी आहेस ना तू? मी पाणी प्यायले. म्हण पाहू." तिने पेला उचलला, उरलेले पाणी गटागटा प्याली आणि त्या मुक्कामात पुन्हा माझ्याशी मराठीत बोलली नाही. मी बहिणीला सुनावले, की तुम्ही तिकडे लक्ष देत नाही.

यंदा जुलैत ती आली. इटलीत शाळांना सुटी असते ती जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे त्यांचा उन्हाळा आणि आपला पाऊस. बॅगा ओसरीवर ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली, "दादा, या खेपेला पेन्सिल नको."

मग तिने आपला बेत सांगितला. तिच्या वस्तीतल्या वाचनालयात शनिवारी मुलांचे मंडळ भरते. मुले चटईवर बसतात, एक बाई पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतात आणि नंतर 'लाबोराटोरियो' होते. मी विचारले, "मुलांना चंचुपात्रं देतात की काय?" तर नाही. तिकडे या एकाच शब्दात प्रयोगशाळा आणि कार्यशाळा दोन्ही येतात. इथे साहित्य म्हणजे कागद, कात्री, डिंक आणि शब्द. बहीण सांगत होती, की तिथे 1999 पासून बालरोगतज्ज्ञ आणि ग्रंथपाल यांनी मिळून एक चळवळच चालवली आहे. तिच्या नावाचा अर्थ 'वाचण्यासाठी जन्मलेले'. बाळ मांडीवर आहे तोवरच त्याला वाचून दाखवायला लागा, असे डॉक्टर आईबापांना सांगतात. आपल्याकडे डॉक्टरांनी असे सांगितले, तर आपण डॉक्टर बदलू.

तर भाचीचे दोन महिन्यांचे शनिवार चुकू नयेत म्हणून आमच्या ओसरीवर रविवारी मंडळ भरायचे ठरले. गल्लीतली आठ मुले जमली. त्यांतली दोन उर्दू शाळेतली. बहीण गावची लेक, त्यामुळे सगळ्यांची आत्या. मी बाजेवर वर्तमानपत्र आडवे धरून बसलो. मनात म्हटले, दोन रविवार टिकले तरी पुष्कळ.

पहिले पुस्तक होते जान्नी रोदारी यांचे. नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही; पण इटलीत ते घरोघरी ठाऊक आहे. हा मनुष्य 1920 साली ओमेन्या नावाच्या सरोवराकाठच्या गावी एका पाववाल्याच्या घरी जन्मला. तरुणपणी प्राथमिक शाळेत मास्तर होता, पुढे वर्तमानपत्रात गेला आणि मुलांसाठी लिहू लागला. बालवाङ्मयाचा जगातला सर्वांत मोठा मान म्हणतात ते अँडरसन पारितोषिक त्याला 1970 साली मिळाले. 1962 सालच्या त्याच्या पुस्तकाचे नाव 'टेलिफोनवरच्या गोष्टी'. एक औषधांचा फिरता विक्रेता आठवड्यातले सहा दिवस परगावी असतो. मुलीला गोष्टीवाचून झोप येत नाही. म्हणून तो रोज रात्री नऊला जिथे असेल तिथून फोन करून गोष्ट सांगतो. फोनचे पैसे खिशातून जायचे, म्हणून गोष्टी आखूड.

भाचीने आधी पान इटालियनमध्ये वाचले. मुलांना अक्षर कळले नाही. पण नव्या भाषेचा नाद ऐकून ती गारूड्यापुढे बसल्यासारखी बसली होती. मग बहिणीने तेच मराठीत सांगितले. सांगून होते न होते तोच एक मुलगा म्हणाला, "माझे बाबा पण करतेत रात्री फोन. ट्रकवर असतेत." विचारले, "गोष्ट सांगतात का?" तो म्हणाला, "नाही. जेवला का, इचारतेत." आई आत चुलीपाशी होती, तिचे हात क्षणभर थांबले. आता फोनला पैसेही पडत नाहीत. आमच्या घरी तर दर रविवारी तासभर फोन चाललेला असतो.

दुसऱ्या रविवारी खेळ झाला. तो रोदारीचाच. 1972 च्या मार्चमध्ये रेज्जो एमिलिया या गावी तो पन्नासेक शिक्षकांबरोबर पाच दिवस बसला आणि गोष्टी कशा रचल्या जातात, याची सगळी पोतडी त्यांच्यापुढे उघडी केली. पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक झाले. नाव 'कल्पनेचे व्याकरण'. व्याकरण हा शब्द कानी पडताच माझे वर्तमानपत्र खाली आले, हे कबूल करतो.

खेळ असा. दोन मुलांनी एकमेकांचे न पाहता पाटीवर एकेक शब्द लिहायचा. शब्द एकमेकांपासून जितके लांबचे तितके बरे. मग ते दोन शब्द जोडून पाहायचे. रोदारीचे उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचे आहे. इटालियनमध्ये असे शब्द जोडायला मधे छोटे छोटे शब्द घालतात. बहीण मराठीत सांगू लागली आणि मी बाजेवर उठून बसलो. कारण आपल्याकडे मधे काही घालावे लागत नाही, शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लागतो! कुत्र्याचे कपाट. कपाटातला कुत्रा. कपाटाला कुत्रा. कुत्र्याने कपाट. कपाटातून कुत्रा. एकेक प्रत्यय लावला की एकेक निराळी गोष्ट उभी राहते. कुत्र्याचे कपाट म्हटले की आत हाडे टांगलेली दिसतात. कपाटातून कुत्रा म्हटले की घरात चोर शिरलेला असतो. वीस वर्षे मी विभक्तीचा तक्ता फळ्यावर लिहीत आलो आहे. स-ला-ते, ने-ए-शी, ऊन-हून. वर्गातली मुले तो तक्ता उतरवून घेतात आणि जांभया देतात. त्या तक्त्यात एवढा ऐवज आहे, हे मला तोरिनोहून आलेल्या पुस्तकाने सांगावे, याची जरा लाजच वाटली.

आमच्या मुलांनी पाटीवर लिहिलेले शब्द होते 'मोसंबी' आणि 'एस. टी.'. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध, आणि एस. टी. तर गावाची नाडी. मग मोसंबीची एस. टी. निघाली. ती सोलावी लागे, तिच्या फोडींत प्रवासी बसत, आणि कंडक्टर सगळ्यांना बिया तिकीट म्हणून देई. भाची "मोसंबीचा एस. टी." म्हणाली. उर्दू शाळेतल्या मुलीने तिला सहज सुधारले, "चा नाही, ची." भाची म्हणाली, "ची." आणि पुढे चालू लागली. मी सुधारले असते तर? तो विचार मी तेव्हा केला नाही. तो पुढे करावा लागला.

इटलीतून मुलांच्या शिक्षणाचे वारे आपल्याकडे येण्याची ही पहिली वेळ नव्हे. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये गरिबांच्या वस्तीत बालगृह काढले, 1939 साली त्या स्वतः मद्रासला आल्या. त्याआधीपासूनच ताराबाई मोडकांनी त्या पद्धतीचा ध्यास घेतला होता. 1945 साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढले आणि 1957 साली ते कोसबाडला आदिवासी पाड्यांजवळ नेले. जोडीला अनुताई वाघ. महागडी परदेशी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, तेव्हा ताराबाईंनी शंखशिंपले, बिया, पाने हीच साधने केली. बहिणीने यातले काही वाचले नसावे. पण तिचेही तेच चालले होते. तिकडे रंगीत कागद मिळतात, इथे तिने मक्याची पाने आणली. चिखलाला तर तोटाच नव्हता.

पोळ्याच्या आदल्या रविवारची गोष्ट. पाऊस नुकताच उघडला होता. प्रत्येकाने घरच्या बैलांविषयी चार ओळी लिहायच्या होत्या. ज्याच्या घरी बैल नाहीत त्याने शेजारच्यांच्या बैलांविषयी. तिसरीतल्या एका मुलाची पाटी माझ्या बाजेपाशी होती. त्याने लिहिले होते, 'काल आमचे बैल माळ्यात चरत होते.'

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. पेन्सिल नव्हती, पण तोंड होते. "माळ्यात नव्हे रे, मळ्यात. तो काना कशाला तिथे?"

मुलगा खाली बघू लागला. त्याने पाटीवर थुंकी लावली आणि काना पुसायला घेतला. तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, माळा काय असते?"

भाची मला उद्देशून मराठीत बोललेली दोन वर्षांतली ही पहिली गोष्ट. मी वर बोट दाखवले. आमच्या माजघरावर लाकडी माळा आहे; त्यावर जुन्या ट्रंका, पाट, उन्हाळ्यातले माठ. तिने मान वर केली, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "बैल वर? कसा गेला?"

झाले. आठही मुले उठली. शिडीने गेला. नाही, शिडी मोडंल. धाब्यावरून उतरला. पण कशाला गेला? यावर जरा शांतता पसरली. मग तोच तिसरीतला मुलगा, काना अर्धा पुसलेली पाटी पोटाशी धरून, हळूच म्हणाला, "त्याची झूल तिथंच असती ना." आणि ते खरेच होते. बैलांची झूल, घुंगरमाळा, शिंगांना लावायची बेगड हे सगळे वर्षभर माळ्यावर असते. पोळ्याला खाली काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर टाकतात. मग बैलाने रात्री वर जाऊन काय केले? झूल पांघरून पाहिली. शिंगे आपली आपणच रंगवली. मालकाला म्हणाला, एकच दिवस का? पुरणाची पोळी त्याने मागितली की नाही यावर दोन तट पडले. आई दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "लेकरांनो, माळ्यात नव्हं, माळ्यावर म्हणावं." ही दुरुस्ती सगळ्यांनी मानली. खरे म्हणजे ती मला सुचायला हवी होती.

रात्री बहिणीने रोदारीचे पुस्तक उघडून मला एक प्रकरण दाखवले. ते चुकांविषयीच आहे. इटालियनमध्ये 'लागो' म्हणजे सरोवर आणि 'आगो' म्हणजे सुई. लिहिताना मधे एक चिन्ह पडले की सरोवराची सुई होते. गार्दा हे त्यांचे सर्वांत मोठे सरोवर. पोराने ते सुई करून ठेवले, तर मास्तरांनी तांबडी पेन्सिल ओढावी की ही सुई केवढी असेल, कोण ओवत असेल, ते विचारावे? 1964 साली त्याने चुकांचेच एक पुस्तक काढले होते. मास्तर होता, म्हणून त्याला या चुका ठाऊक. आमच्याकडे काना आहे, त्यांच्याकडे ते चिन्ह आहे, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी भाचीने हट्टच धरला, माळ्यावर बैल आहे का पाहायचा. मी शिडी लावली. बैल नव्हता, आजोबांची ट्रंक होती. आत त्यांची हिशेबाची वही. आजोबा निजामी राजवटीतले. शाळा सगळी उर्दूतून झाली. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले तेव्हा ते विशीत होते. मराठी घरी बोलत, लिहायला मात्र नंतर स्वतःच शिकले. वहीत उजवीकडून उर्दू चालू होते आणि डावीकडून मराठी, आणि मध्यावर दोन कोरी पाने. मराठीत ऱ्हस्वदीर्घाचे काही खरे नव्हते. 'बैलाची जोडि', 'पाउस बरा', 'मूलिचे लग्न'. ही वही मी एम्. ए.च्या वेळी पाहिली होती आणि परत ट्रंकेत टाकली होती. महाविद्यालयातले कोणी घरी आले तर दाखवण्यासारखी ती मला वाटली नव्हती. भाचीने ती दोन्ही बाजूंनी उघडून पाहिली. उर्दू शाळेतल्या मुलीला बोलावले. एकीने उजवीकडून वाचले, दुसरीने डावीकडून, चाचपडत. आई भिंतीला टेकून ऐकत होती. सासऱ्यांनी 'पाउस बरा' असे लिहिले होते, हे तिला पहिल्यांदाच कळत होते.

त्या रात्री पाऊस पुन्हा सुरू झाला. ओसरीवर आम्ही दोघेच होतो. बहीण म्हणाली, "दादा, मी चौथीत होते तेव्हा एक गोष्ट लिहिली होती. तुला आठवतं?"

मला आठवत नव्हते.

"चिमणीच्या लग्नाची. दोन पानं. तू दहावीत होतास. तू लाल शाईनं सगळ्या चुका गोल करून मोजल्या. एकतीस निघाल्या. मग बाबांचे पाहुणे बसले होते, त्यांना वाचून दाखवलीस. म्हणालास, हे बघा आमच्या बाईंचं मराठी. सगळे हसले. मीही हसले."

ती रागाने बोलत नव्हती. रागाने बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिले असते. "त्यानंतर मी मराठीत काही लिहिलंच नाही रे. शाळेत लिहावं लागलं तेवढंच. तिकडे वाण्याची यादीसुद्धा इंग्रजीत करते."

लग्न होऊन ती गेली त्याला बारा वर्षे झाली. बारा वर्षांत तिचे एक पत्र नाही. फोन येतो, आवाज येतो, फोटो येतात, अक्षर नाही. मी ते आळसात जमा करून टाकले होते. 'परदेशस्थ मराठी कुटुंबे आणि मातृभाषेची उपेक्षा' या विषयावर मी एका परिसंवादात निबंधही वाचला होता आणि त्यात, नाव न घेता, उदाहरण तिचेच होते. आता ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटले, "पांघरूण घे, गार आहे." तिने घेतले.

ऑगस्ट सरता सरता ती मंडळी गेली. निघताना भाची आजीच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, मी परत येतो." कोणी काही सुधारले नाही. आईने तिचे तोंड दोन्ही हातांत धरून ठेवले होते, त्यामुळे बराच वेळ काही बोलणे शक्यही नव्हते. रविवारचे मंडळ मात्र मोडले नाही. पुस्तके आता मराठी आहेत आणि वाचून दाखवायला मी असतो. माझ्या वाचण्यात आत्याची गंमत नाही, असे एकाने तोंडावर सांगितले आहे.

माझ्यात मोठा पालट झाला, असे मात्र कोणी समजू नये. परवाच उत्तरपत्रिका तपासल्या. पदवीच्या विद्यार्थ्याने बैल माळ्यात चरायला सोडले तर त्याचा गुण मी कापीनच. त्याला त्याचा पगार घ्यायचा आहे आणि मला माझा. पण नऊ वर्षांच्या आणि एकोणीस वर्षांच्या पोरांत फरक आहे आणि तो मी कधी धरला नव्हता, एवढे खरे.

गेल्या आठवड्यात तोरिनोहून पाकीट आले. आत चार पाने. भाचीने मराठीत गोष्ट लिहिली आहे, चित्रे काढली आहेत. शिडीवर बैल, त्याच्या अंगावर निळी झूल. पाठीमागच्या कोऱ्या पानावर बहिणीच्या अक्षरात माझ्यासाठी पाच ओळी आहेत. त्यात काय आहे ते आमचे आम्हांला. दोन चुका आहेत. त्या कुठल्या, तेही सांगत नाही.

शनिवारी मी पाकीट घेऊन हसनाबादला गेलो. आईने दिवा जवळ ओढला. तिला आता वाचायला दिसत नाही. मी वाचू लागलो, "एकदा एक बैल माळ्यावर गेला..." दोन वाक्ये झाली आणि आईने हात वर केला.

"हे तिनं असं लिहिलंय?"

"म्हणजे, लिहिलंय 'माळ्यात गेली'. मी जरा..."

"तू तुझं वाचू नको बाबा. तिनं लिहिलंय तसं वाच."

मी पुन्हा सुरुवातीपासून घेतले. एकदा एक बैल माळ्यात गेली. आई पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "मंग?"